चढावर दमणारी गाडी

सुभेदार निकमांनी मला पहिल्याच भेटीत विचारलेला प्रश्न असा होता : "ताई, वजन किती तुमचं?"

गेल्या होळीच्या सुमारास आम्ही दिल्लीतल्या द्वारकेच्या या सोसायटीत राहायला आलो. सामान अजून जिन्यातच होतं. तळमजल्यावर मराठी माणसं आहेत एवढं चौकीदाराने सांगितलं होतं, म्हणून मी ओळख करून घ्यायला खाली गेले, तर हे गृहस्थ गेटजवळ एका पांढऱ्या पिकअपच्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरलेले. बाहेर आले, फडक्याला हात पुसले, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सरळ वजन विचारलं. मी दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. तिथे पहिल्या भेटीत वडिलांचा हुद्दा विचारतात, त्याची मला सवय आहे. वजनाची नव्हती. मी गोंधळून थोडं कमी करूनच सांगितलं.

"साठ धरू," ते म्हणाले. "आणि साहेबांचं?"

माझा नवरा अनिरुद्ध टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत उभा होता. अनिरुद्धचा देह भरदार आहे. त्याच्याकडे निकमकाकांनी ज्या कौतुकाने पाहिलं, तेवढं कौतुक आमच्या लग्नात माझ्या आईच्याही डोळ्यांत नव्हतं. "बिल्कुल बढिया," ते म्हणाले. "रविवारी सकाळी दोघं तयार राहा."

कशासाठी, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. रविवारी सकाळी आम्ही त्या पिकअपच्या मागच्या हौद्यात, एका जुन्या सतरंजीवर बसून पालमचा फ्लायओव्हर चढत होतो. शेजारी दुसऱ्या मजल्यावरचे गुप्ताजी होते. ते निवृत्त बँक मॅनेजर, आणि काकांच्या हिशेबाने सोसायटीतलं सगळ्यात भरवशाचं वजन.

गाडीचं दुखणं असं होतं. सपाट रस्त्यावर ती छान पळायची. रिकामी असली तर पूलही चढायची. पण मागे वजन असलं आणि पुढे चढ आला की तिचा जीव जायचा. अॅक्सिलरेटर तळाशी टेकवला तरी वेग वाढायचा नाही, मागून काळा धूर यायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये ती कण्हत कण्हत वर जायची. आता दिल्लीत चढ आणायचा कुठून? "दिल्ली म्हणजे परात आहे परात," काका म्हणायचे. म्हणून फ्लायओव्हर. आणि वजन म्हणून आम्ही.

"काका, रेतीची पोती का नाही टाकत?" अनिरुद्धने एकदा धीर करून विचारलं.

"पोतं रिपोर्ट देतं का?" काका म्हणाले.

हा मुद्दा बिनतोड होता. आम्हाला प्रत्येकाला ड्यूटी वाटून दिलेली असायची. अनिरुद्धने मागे तोंड करून धुराचा रंग पाहायचा. गुप्ताजींनी क्लचचा जळका वास येतो का ते हुंगायचं. मी केबिनच्या मागच्या काचेला कान लावून इंजिनाकडून शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकायचं. तसा आला म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पाइपातून हवा गळते आहे. पूल उतरला की काका गाडी कडेला घेत आणि खाली येऊन म्हणत, "रिपोर्ट दो." गुप्ताजींना हुंगलेलं नीट सांगता यायचं नाही. ते नेहमी "थोड़ा थोड़ा" म्हणायचे आणि त्यासाठी ओरडा खायचे. तरी पुढच्या रविवारी हजर. मी त्यांना कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मैडम, घर में तो कोई मुझसे रिपोर्ट माँगता नहीं."

एकदा पुलाच्या तोंडाशी ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. मालवाहू गाडीत माणसं भरलेली पाहून तो खूश झाला होता. "ये सवारी क्यों भरी है?" त्याने विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "सवारी नहीं है। वज़न है।" पोलिसाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही खरोखरच वजनासारखे गप्प बसलो होतो. त्यानंतर काकांनी त्याच्या मोटरसायकलकडे बोट करून तिची चेन सैल आहे, कुठल्याही दिवशी उतरेल, हे सांगितलं आणि खिशातून पाना काढून तिथेच ती आवळून दिली. पोलिसाने आम्हाला जाऊ दिलं. पण पुन्हा दिसू नका असंही म्हणाला, तेव्हापासून आम्ही दुसरा पूल धरला.

फॉल्ट दिसला की तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात सांगायचा, हा निकमकाकांचा धर्म होता. आयुष्य फौजेच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. तिथे म्हणे एकाने ब्रेकमधली खोट वरिष्ठांच्या भीतीने लपवली होती आणि गाडी दरीत जाता जाता वाचली होती. "फॉल्ट झाकायचा नाही," हे वाक्य ते दिवसातून अनेकदा म्हणत. गुप्ताजींच्या पुतणीच्या लग्नात, ऐन वरमालेच्या वेळी, त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या जनरेटरचा एक सिलिंडर चुकतोय. बापाला मराठी वळणाचं हिंदी नीट कळलं नाही, म्हणून मोठ्याने पुन्हा सांगितलं. माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कपाला हात लावण्याआधी म्हणाले, "ताई, मिक्सरचा बुश गेलाय. मघाशी जिन्यात ऐकू आलं." गेलेला होताच.

दुसऱ्याचे फॉल्ट असे चव्हाट्यावर मांडणारा हा माणूस स्वतःच्या कामाबद्दल मात्र एक अक्षर ऐकून घ्यायचा नाही. त्यांनी आवळलेला नट सैल झाला असं आजवर झालेलं नाही, होणार नाही. स्वतःचा उल्लेखही ते अशा वेळी तिसऱ्या माणसासारखा करत : "निकमने आवळलाय. हलायचा नाही." अनिरुद्धने एका रविवारी नुसतं सुचवलं की कुठे पाइपावरची एखादी क्लॅम्प ढिली राहिली असेल. पुढचे दोन रविवार अनिरुद्धला घरी बसवण्यात आलं. काकांनी त्याच्या वजनावर पाणी सोडलं, पण तो शब्द खपवून घेतला नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, निवृत्त माणसाचा चाळा आहे, वेळ जात नसेल. मलाही तसंच वाटायचं. मग मी काकूंकडे बसायला जाऊ लागले.

शालनकाकू खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या असायच्या. शेजारी हवेतून प्राणवायू काढून देणारं ते यंत्र घरघरत असायचं. मूळच्या सातारच्या बाजूच्या, एकेकाळी हाडापेराने दणकट, फौजेच्या बदल्यांबरोबर सगळा देश पालथा घातलेल्या. दिल्लीच्या हवेने त्यांची फुप्फुसं पार खाऊन टाकली होती. बोलताना दर चार शब्दांनी थांबावं लागे. आणि बोलण्याची हौस तर दांडगी. त्या थांबत, हाताने 'जाऊ नकोस' अशी खूण करत, श्वास गोळा करत आणि गोष्ट पुढे नेत. त्यांचं एखादं लहानसं गाऱ्हाणं ऐकायलाही बराच वेळ लागायचा. मला त्यांच्याकडे पाहताना स्वतःच्या श्वासाची लाज वाटायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत यांना दिल्लीत ठेवू नका. गावी जायला काकू तयार नव्हत्या. "दिरांच्या दारात... खोकत नाही बसायची मी," त्या म्हणायच्या. काकांचा एक गढवाली दोस्त होता, रावत, वर्कशॉपमधला जोडीदार. कोटद्वारच्या वर डोंगरात त्याचं घर. त्याने उन्हाच्या बाजूच्या दोन खोल्या यांच्यासाठी झाडून-सारवून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी दिवाळी होताच हे दोघं निघाले. यंत्र, गाद्या, भांडी सगळं मागे. कोटद्वारपर्यंत गाडी मस्त गेली. पुढे घाट लागला आणि गाडीने मान टाकली. वळणावर वारा फिरला की तिचाच काळा धूर केबिनमध्ये यायचा. काकूंना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. काकांनी अर्ध्या घाटातून गाडी वळवली. तो हिवाळा काकूंनी दिल्लीत काढला. त्यातला बराचसा इस्पितळात. जानेवारीत डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून घेतलं होतं, एवढंच काकांनी मला सांगितलं. काय बोलले ते सांगितलं नाही.

"आमची गाडी घेऊन जा ना," मी काकांना म्हटलं.

काकूंना छोट्या गाडीत जीव गुदमरल्यासारखं होई. पिकअपची उंच सीट आणि सताड उघडी खिडकी असली तरच त्या प्रवास करू शकत. टॅक्सीचं नाव काढलं तर काका म्हणाले, "तिला वाटेल तिथे थांबवावी लागते गाडी. परक्या ड्रायव्हरला घाई असते." आणि पुढच्या हिवाळ्यात काकूंना दिल्ली झेपणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यामुळे रविवारचा पूल हा चाळा नव्हता. गाडी चढली तर शालनकाकू जगणार होत्या, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काकांनी ती गाडी एखाद्या दुखणाईत माणसासारखी तपासली. डिझेलचा फिल्टर बदलला. इंधनाचा पंप तपासून घेतला. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे धरून राहतात का पाहायला. सायलेन्सर उतरवून आतून चोंदला आहे का पाहिलं. इंजेक्टर काढून तपासायला करोल बागेत नेले. हवेचा फिल्टर तर ते दर महिन्याला उघडायचे आणि मला अभिमानाने दाखवायचे. "बघा ताई. या शहरात, या धुळीत, असा गोरापान फिल्टर तुम्हाला सापडायचा नाही. गाडी ठेवावी तर निकमने." मीही मान डोलवायचे. मला काय कळतंय.

करोल बागेत मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. तिथल्या मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साब, एक काम करो। एयर फिल्टर निकाल के चढ़ाई पे भगा के देखो।"

काकांचा चेहरा पाहून मी एक पाऊल मागे सरकले. दिल्लीच्या धुळीत फिल्टरशिवाय इंजिन चालवणं त्यांच्या लेखी महापाप होतं. "तेरी नाक काट के तुझे भगाऊँ?" ते म्हणाले. मिस्त्री हसला, काका हसले नाहीत. इंजेक्टर उचलून आम्ही मेट्रोकडे चालायला लागलो. त्या मिस्त्रीचं ऐकलं असतं तर काही महिने वाचले असते, हे आता म्हणायला सोपं आहे.

दर रविवारी आम्ही परत आलो की काकू खिडकीतून विचारायच्या, "चढली का?" काका म्हणायचे, "थोडी सुधारणा आहे." सुधारणा अजिबात नसायची. फॉल्ट न झाकणारा माणूस एवढी एक गोष्ट झाकत होता, आणि मला वाटतं काकूंना ती कळत होती. कारण सप्टेंबर सरत आला तशा त्या 'चढली का' विचारेनाशा झाल्या.

मग दसरा आला. दसऱ्याच्या सकाळी काका इस्त्रीचे कपडे घालून, पदकं लावून कॅन्टोन्मेंटमध्ये जातात. त्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा असते, आणि जुन्या लोकांना अजून मानाने बोलावतात. त्यामुळे घरच्या गाडीची पूजा इतकी वर्षं काकूंकडेच. यंदा त्यांना एकटीने जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी मला खाली बोलावलं. मी त्यांना दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं आणि समोर खुर्ची ठेवली. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, नारळ, सगळं यथासांग झालं. मग काकूंनी पदराआडून आपट्याच्या पानांची एक जुडी काढली. म्हणजे दिल्लीत आपटा कुठला, पार्कातल्या कचनाराची पानं. दिसायला तशीच जोडपानं. पानं वाळू न देता ताजी ठेवलेली, वर लाल दोरा घट्ट बांधलेला.

"पहिलं सोनं... गाडीला," त्या म्हणाल्या. "तिनं खाल्लं की... मग घर खातं."

"कुठे ठेवू?"

"बॉनेट उघड. यांनी... खटका सैल करून ठेवलाय. तिच्या तोंडात घाल."

"तोंड कुठलं, काकू?"

त्यांनी खुर्चीतूनच बोट दाखवलं. बॉनेटच्या पुढच्या कडेला, जाळीच्या मागे, काळ्या प्लॅस्टिकची एक रुंद चपटी फट होती. "इथनं श्वास घेती ती," काकू म्हणाल्या. "गाडी आणली... त्या दिवशी यांनी मला... एकेक भाग दाखवला होता. हे तिचं पोट, हे काळीज... हे नाक. दरसाल... मीच देते. आतपर्यंत सार. वाऱ्यानं... उडून जातं नाहीतर."

मी जुडी आत सारली. ती जाईना. मी बोटं आत घातली आणि माझ्या बोटांना आत काहीतरी लागलं. कोरडं, दाबून बसलेलं, दोऱ्याने बांधलेलं.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण इतके रविवार काचेला कान लावून बसल्यावर हवा, इंधन आणि धूर एवढे तीन शब्द माझ्याही डोक्यात बसले होते. मी हात बाहेर काढला. काकू माझ्याकडे प्रसन्न चेहऱ्याने पाहत होत्या.

"गेलं का आत?"

"गेलं," मी म्हटलं.

काका दुपारी परतले. काकूंचा डोळा लागला होता. मी काकांना गेटपाशीच गाठलं आणि सांगितलं. मला वाटलं होतं, ते ओरडतील, 'सापडला!' म्हणून सगळी सोसायटी गोळा करतील. ते सरळ पदकांसकट बॉनेटमध्ये वाकले, हवेच्या फिल्टरपर्यंत जाणारी ती काळी नळी दोन्हीकडून सोडवली आणि वर्तमानपत्रावर धरून हलवली.

आतून सोनं पडायला लागलं. एक जुडी, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी. वरची अजून हिरवट, खालच्या तपकिरी, अगदी आतल्या तर धुळीने आणि कापसासारख्या कचऱ्याने लिंपून घट्ट गोळा झालेल्या. लाल दोरे मात्र सगळ्यांचे शाबूत होते. गाडी घेतल्यापासूनचे सगळे दसरे त्या नळीत एकामागे एक बसले होते, आणि दिल्लीची धूळ त्यांनीच अडवली होती. फिल्टर गोरापान राहायचा तो त्यामुळे.

"हवाच नव्हती हिला," काका म्हणाले. "सपाटीवर थोडक्यात भागायचं. चढावर जास्त लागते." मग ते पायरीवर बसले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काकूंना सांगू या. हसतील त्या."

"खबरदार," काका म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. "ताई, गेल्या वर्षी घाटात गाडी थांबली ना, तेव्हा काय म्हणाली ठाऊक आहे? माझंच ओझं झालं गाडीला, म्हणाली. वर्षभर तेच धरून बसलीय. आता हे ऐकलं तर..." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, जुड्या आत तशाच ठेवून, आणि ती ड्रायव्हरच्या सीटमागे नीट सरकवली.

मग त्यांनी नळी धुऊन, पुसून बसवली आणि वजन गोळा केलं. अनिरुद्ध नव्या कुर्त्यात होता, गुप्ताजी जेवणानंतरच्या झोपेत. दोघांनाही तसंच हौद्यात बसवलं. पूल आला, आणि गाडी थांबायचं नावच घेईना. तिसऱ्या गिअरमध्ये ती वर गेली, धूर नाही, कण्हणं नाही. वर पोचल्यावर गुप्ताजी उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. काकांनी त्यांना खाली बसवलं.

संध्याकाळी सोसायटीतली आम्ही चार मराठी घरं आणि आमचं पाहून सोनं वाटायची सवय लागलेली बाकीची मंडळी खालच्या हिरवळीवर जमलो. काकूंची खुर्चीही आणली होती. सोनं देऊन-घेऊन झालं आणि गुप्ताजींना राहवलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "निकम साब, आख़िर फॉल्ट था क्या?"

सगळे काकांकडे बघायला लागले. या प्रश्नाची हा माणूस वर्षभर वाट पाहत होता. मी खाली मान घातली.

"टर्बो के पाइप का क्लैम्प," काका म्हणाले. "ढीला रह गया था। हवा लीक होती थी।"

"ढीला? छोड़ा किसने?"

"मैंने।"

अनिरुद्धने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आणि मग खुर्चीतून काकूंचा आवाज आला.

"तुम्ही? तुम्ही ढिली ठेवलीत?" त्या पुढे झुकल्या. "अहो, एक क्लॅम्प... आवळता आली नाही? आणि वर्षभर... लोकांची माणसं... पुलावरनं वाहिलीत? माझा अख्खा हिवाळा... इस्पितळात घालवलात... एका क्लॅम्पपायी?" श्वास संपला की त्या हात वर करून सगळ्यांना थांबवत होत्या आणि पुन्हा सुरू करत होत्या. "आणि मी इकडं... म्हणते... माझंच ओझं झालं. मला एका शब्दानं... बोलला नाहीत!" त्यांचे डोळे चमकत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं हुशारीत पाहिलं नव्हतं.

काका त्यांच्यासमोर सरळ उभे होते, हात शरीराला चिकटवून. "चुकलं," ते म्हणाले.

"मोठे आले... निकमने आवळलाय म्हणणारे."

"चुकलं म्हटलं ना."

लोक हसले. गुप्ताजी तर पोट धरून हसले. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

दिवाळीची वाट न बघता ते दोघं चार दिवसांत निघाले. आम्ही हौद्यात यंत्र बांधून दिलं, गाद्या लावून दिल्या. काकू उंच सीटवर बसल्या, खिडकी सताड उघडी. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत त्या काकांना क्लॅम्पवरून ऐकवतच होत्या. मी दिवसभर फोन हातात धरून फिरत होते. घाटात कुठे आहेत, चढतेय की नाही, काही कळायला मार्ग नव्हता, कारण काका गाडी चालवताना फोन घेत नाहीत. ऑफिसात माझं कामात अजिबात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. "पोचलो, ताई. सगळा घाट तिसऱ्यात. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने."

"आणि काकू?"

फोन त्यांनी दुसरीकडे धरला असावा, कारण लांबून काकूंचा आवाज यायला लागला. रावतांच्या बायकोला त्या आपल्या हिंदीत सांगत होत्या, "अरे बहन, क्या बताऊँ, एक छोटा सा क्लैम्प इनसे ठीक से कसा नहीं गया और पूरे साल भर मुझे दिल्ली में सड़ाया और लोगों को पुल पे घुमाया और ऊपर से मुझे बताया तक नहीं, ऐसे हैं ये सुभेदार साहब!"

काकांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "मध्ये कुठे थांबली नाही. एका दमात बोलली."

मी नुसतं "हो, काका" म्हटलं. तिकडे काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती, आणि काका ती ऐकत होते. मी फोन ठेवला नाही.